टीएनएफ निम्म्यावर आला, पण कशामुळे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्य-विज्ञानाच्या पानावर एका साच्यातली बातमी वरचेवर येते. अमुक वनस्पतीच्या अर्काने, किंवा अमुक नव्या रेणूने, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये दाह वाढवणारे सायटोकाइन (पेशींनी एकमेकींना संकेत द्यायला सोडलेले प्रथिन) निम्म्यावर आणले. हे सायटोकाइन बहुतेकदा टीएनएफ-अल्फा (ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, पुढे नुसता टीएनएफ) असते. बातमी खोटी नसते, मोजलेला आकडाही बहुधा खराच असतो. पण तो आकडा खाली येण्याच्या निदान पाच-सहा वाटा आहेत आणि त्यांतली एखादीच औषधाकडे जाते. बाकीच्या वाटा पेशी वाढवायच्या प्लेटमध्येच संपतात. पेशीसंवर्धनाचे काम करणाऱ्यांना त्या माहीत असतात. वाचकापर्यंत त्या पोहोचत नाहीत आणि प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्यालाही त्या कुणी बसवून सांगतेच असे नाही. म्हणून हे पत्र लांबले आहे. पूर्ण छापावे ही विनंती.

टीएनएफ प्रामुख्याने मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, तयार करतात. सुरुवातीला तो पेशीच्या पटलात रोवलेला असतो आणि त्याचे वजन २६ किलोडाल्टन असते. टेस नावाचे विकर त्याला कापते, आणि १५७ अमिनो आम्लांचा, सुमारे १७ किलोडाल्टनचा तुकडा बाहेर सुटतो. असे तीन तुकडे जुळून जे त्रिक बनते तेच ग्राहीला, म्हणजे पेशीवरच्या संकेत झेलणाऱ्या प्रथिनाला, धरून काम करते. एकेकटा तुकडा निकामी असतो. ग्राही दोन प्रकारचे आहेत. पहिला जवळपास सगळ्या पेशींवर असतो, तर दुसरा मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर. प्रयोगात बाटलीतून घातलेला, पटलापासून सुटा असलेला टीएनएफ मुख्यतः पहिल्या ग्राहीला चालना देतो. दुसऱ्याला पुरती चालना मिळते ती पटलात रोवलेल्या टीएनएफकडून. त्यामुळे बाटलीतला टीएनएफ घालून केलेला प्रयोग शरीरातल्या टीएनएफची अर्धीच गोष्ट सांगतो, हे पहिल्यापासून ध्यानात ठेवलेले बरे.

बातम्यांमध्ये टीएनएफ घटणे म्हणजे चांगलेच असे गृहीत धरलेले असते. तेही तितकेसे खरे नाही. १९७५ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग संस्थेत लॉइड ओल्ड यांच्या गटाने हा घटक उंदरांच्या रक्तद्रवात ओळखला, तो कर्करोगाच्या गाठी मारणारा म्हणून. १९८४ साली त्याचे जनुक हाती आले. १९८५ साली ब्रूस ब्यूटलर आणि अँथनी सेरामी यांच्या गटाने दाखवले की शरीर झिजवणारा म्हणून ते ज्याचा शोध घेत होते तो घटक हाच. १९९८ साली अमेरिकेत इन्फ्लिक्झिमॅब हे टीएनएफरोधक प्रतिपिंड औषध म्हणून मान्य झाले आणि सांधेदुखीच्या, आतड्यांच्या दाहाच्या असंख्य रुग्णांचे जगणे बदलले. पण २००१ सालापर्यंत हेही स्पष्ट झाले की ही औषधे घेणाऱ्या काहींमध्ये दबून असलेला क्षयरोग उसळतो, कारण क्षयाच्या जंतूंना घेरून ठेवणारी पेशींची गाठ टिकवायला टीएनएफ लागतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात तर लेनरसेप्ट या टीएनएफरोधकाने रुग्णांचा त्रास वाढवला. तेव्हा ‘टीएनएफ घटवतो’ हे विशेषण एकट्याने कुठल्याही पदार्थाचा गुण ठरत नाही.

आता प्लेटकडे येऊ. टीएनएफचे प्रयोग दोन तऱ्हांचे असतात आणि बातमीत ते एकमेकांत मिसळतात. एका तऱ्हेत बाहेरून शुद्ध टीएनएफ पेशींवर घालतात आणि पेशी काय करतात ते पाहतात. दुसरीत मॅक्रोफेजना एंडोटॉक्सिनने (जिवाणूंच्या कवचातल्या दाह चेतवणाऱ्या पदार्थाने) डिवचतात आणि त्या किती टीएनएफ सोडतात ते मोजतात. पहिल्या तऱ्हेत टीएनएफ हे साधन आहे, दुसरीत ते मोजमाप आहे. चुकाही त्याप्रमाणे वेगळ्या.

साधन म्हणून येणारा टीएनएफ बहुधा ई. कोलाय जिवाणूंमध्ये बनवलेला असतो आणि गोठवून सुकवलेल्या भुकटीच्या रूपात येतो. एका वायलमध्ये, म्हणजे छोट्या कुपीत, १० किंवा ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसेल असा पापुद्रा. वाहतुकीत हा पापुद्रा उडून झाकणाला चिकटतो. फ्रीझरमधून काढल्याबरोबर झाकण उघडले तर हवेतली वाफ आत जमते आणि झाकणाला चिकटलेले प्रथिन तिथेच राहते. म्हणून वायल आधी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मग सेंट्रीफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवावी, आणि मगच उघडावी. सोबतच्या पत्रकात सांगितलेला द्रव, साधारणतः निर्जंतुक पाणी किंवा फॉस्फेट बफर, भिंतीवरून हळूच सोडावा. जोरात हलवू नये, व्हॉर्टेक्स तर अजिबात करू नये. फेस आला की प्रथिन हवा-पाण्याच्या सीमेवर उलगडते आणि वाया जाते. वायल हलकेच फिरवून दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवली की भुकटी आपोआप विरघळते.

यानंतरच्या टप्प्यात सर्वांत जास्त नुकसान होते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. प्रथिन विरळ झाले की नळीच्या प्लास्टिकला चिकटते. मिलीलीटरला १०० मायक्रोग्रॅम असताना थोडे चिकटले तर फरक पडत नाही, पण मिलीलीटरला १० नॅनोग्रॅम असताना तेवढेच चिकटले तर हाती फारसे उरत नाही. त्यावर उपाय म्हणजे वाहक प्रथिन. निदान ०.१ टक्का बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन (गाईगुरांच्या रक्तातले प्रथिन) घातलेल्या बफरमध्येच विरलन करावे, म्हणजे प्लास्टिकवरची जागा अल्ब्युमिन व्यापते. पेशींच्या माध्यमात सीरम असेल तर ते काम सीरम करते. सीरमविना प्रयोग असेल तर अल्ब्युमिन घालायलाच हवे, आणि तेही कमी एंडोटॉक्सिनचे. फार विरळ द्रावणात त्रिकाचे तुकडेही हळूहळू सुटतात, म्हणून कामाचे विरलन त्या दिवशी करून त्या दिवशी वापरावे, आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवू नये.

मूळ द्रावणाचे लगेच १० मायक्रोलीटरचे छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवावेत. एक भाग एकदाच वितळवावा आणि उरलेला टाकून द्यावा. परत गोठवू नये. घरगुती पद्धतीचा, बर्फ न साचणारा फ्रीझर यासाठी घातक आहे. बर्फ साचू नये म्हणून तो ठरावीक काळाने आतली भिंत तापवतो आणि नळीच्या कडेचे द्रव नकळत वितळून परत गोठते. महिन्याभराने ‘यावेळी टीएनएफ चालला नाही’ अशी तक्रार येते तेव्हा दोष बरेचदा फ्रीझरचा असतो.

हिशेबाचे एक उदाहरण देतो, कारण इथे दहापटीची चूक सहज होते. १० मायक्रोग्रॅमच्या वायलमध्ये १०० मायक्रोलीटर द्रव घातला तर मूळ द्रावण मायक्रोलीटरला १०० नॅनोग्रॅम होते. १० मिलीलीटर माध्यमात मिलीलीटरला १० नॅनोग्रॅम हवे असतील तर एकूण १०० नॅनोग्रॅम, म्हणजे मूळ द्रावणाचा १ मायक्रोलीटर लागतो. पण १ मायक्रोलीटर पिपेटने भरवशाने मोजता येत नाही. टिपेच्या बाहेर लागलेला थेंबसुद्धा हिशेब बिघडवतो. म्हणून आधी मूळ द्रावण अल्ब्युमिनच्या बफरमध्ये शंभरपट विरळ करावे आणि त्यातले १०० मायक्रोलीटर घालावेत. मिलीलीटरला १० नॅनोग्रॅम म्हणजे त्रिकाच्या हिशेबाने सुमारे ०.२ नॅनोमोलर, आणि बहुतेक पेशींमध्ये संकेत पुरेपूर चेतवायला एवढे पुरते. १०० नॅनोग्रॅम घालून पाहण्याचा मोह टाळावा. पेशी आधीच पूर्ण चेतलेल्या असल्या की सौम्य रोधकाचा परिणाम दिसतच नाही, आणि सोबतची अशुद्धीही दहापट वाढते.

‘नॅनोग्रॅम’ हे वजन आहे, ताकद नव्हे. दोन खेपांचे वजन सारखे असून ताकद वेगळी असू शकते. ताकद मोजण्याची जुनी आणि अजूनही विश्वासाची रीत म्हणजे उंदराच्या एल-९२९ फायब्रोब्लास्ट पेशी. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खळग्यात २० ते ४० हजार पेशी रात्रभर चिकटू द्यायच्या. दुसऱ्या दिवशी मिलीलीटरला १ मायक्रोग्रॅम ॲक्टिनोमायसिन-डी आणि टीएनएफची उतरती मालिका घालायची. १८ ते २४ तासांनी धुऊन, उरलेल्या पेशी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून मोजायच्या. निम्म्या पेशी मरायला मिलीलीटरला ०.०५ नॅनोग्रॅम लागले, तर ताकद मिलीग्रॅमला २ कोटी एकक होते. ॲक्टिनोमायसिन कशाला, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. टीएनएफने बहुतेक पेशी मरतच नाहीत. तो मरणाचा संकेत देतो आणि त्याच वेळी एनएफ-कप्पा-बी या नियंत्रकामार्फत पेशीला वाचवणारी जनुकेही चालू करतो. ॲक्टिनोमायसिन नवे आरएनए बनणे थांबवते, त्यामुळे बचावाची प्रथिने तयार होत नाहीत आणि मरणाचा संकेत एकटा उरतो. नुसता टीएनएफ घालून पेशी मेल्या नाहीत म्हणून वायल खराब ठरवणे चूक आहे. ॲक्टिनोमायसिन स्वतः जहाल विष आहे, हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नये. ते उजेडात बिघडते, म्हणून झाकून ठेवावे. आणि नुसत्या ॲक्टिनोमायसिनचा खळगा प्लेटमध्ये असायलाच हवा, नाहीतर कशाने काय मेले ते कळत नाही.

वेळ चुकली की निष्कर्ष उलटा होतो. टीएनएफ घातल्यावर एनएफ-कप्पा-बीला धरून ठेवणारे आयकेबी-अल्फा हे प्रथिन १५ मिनिटांत जवळपास नाहीसे होते आणि तासाभरात परत येते, कारण ते स्वतःच एनएफ-कप्पा-बीच्या हुकमावर बनते. एकाच वेळी, समजा एक तासाने, पेशी उचलल्या तर ‘अर्काने आयकेबी वाचवले’ असे वाटू शकते, पण ते आपोआप परत आलेले असते. निदान ०, ५, १५, ३० आणि ६० मिनिटे असे बिंदू हवेत. टीएनएफ छोट्या आकारमानात, पेशींच्याच तापमानाला आणलेल्या माध्यमातून घालावा. सगळे माध्यम बदलून ताजे घातले तर ताजे सीरम आणि गारठा हेच पेशींना डिवचतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींवर ई-सिलेक्टिन हे प्रथिन चार ते सहा तासांत शिखर गाठते आणि मग उतरते, आयकॅम-१ हे प्रथिन मात्र २४ तासांनीही असते. कोणती खूण मोजायची ते वेळ ठरवण्याआधी ठरले पाहिजे.

आता दुसरी तऱ्हा, जिच्यातून बहुतेक बातम्या निघतात. उंदराच्या रॉ २६४.७ किंवा माणसाच्या टीएचपी-१ पेशी घ्यायच्या, त्यांच्यावर तासभर आधी अर्क घालायचा, मग मिलीलीटरला १०० नॅनोग्रॅम एंडोटॉक्सिन घालायचे आणि काही तासांनी वरच्या द्रवात टीएनएफ मोजायचा. टीएचपी-१ पेशी आधी पीएमए हे रसायन घालून मॅक्रोफेजसारख्या बनवाव्या लागतात, आणि पीएमए स्वतःच दाहाचे संकेत चेतवते, म्हणून ते काढून निदान एक दिवस पेशींना विश्रांती द्यावी लागते. ही विश्रांती वगळली की तळाची पातळीच चढलेली मिळते.

आकडा खाली आणणारी पहिली वाट, आणि या प्रयोगातली आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित गोष्ट, म्हणजे अर्कातलेच एंडोटॉक्सिन. वनस्पतींवर जिवाणू असतात, पाण्यात असतात, साध्या काचेच्या भांड्यांवर असतात. जिवाणू मेले तरी त्यांच्या कवचातले लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजेच एंडोटॉक्सिन, उरते. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना निर्जंतुक केले तरी ते टिकते. काचेवरून घालवायचे तर २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास लागते. प्लेटमध्ये या अशुद्धीने काय होते? अर्क घालून लगेचच्या तासांत मोजले तर टीएनएफ वाढलेला दिसतो आणि चूक पकडली जाते. पण अर्क आदल्या दिवशी घालून २४ तासांनी मुख्य एंडोटॉक्सिन घातले तर उलटे होते. थोड्या एंडोटॉक्सिनला आधी सामोऱ्या गेलेल्या मॅक्रोफेज दुसऱ्या खेपेला फारच कमी टीएनएफ सोडतात. ही सहनशीलता दशकानुदशके माहीत आहे. म्हणजे घाणेरडा अर्क इथे उत्तम दाहशामक ठरतो! आणि अर्क जितका जास्त घालावा तितका टीएनएफ कमी, असा देखणा आलेखही मिळतो. तो पाहून कुणालाही शंका येत नाही.

हे पकडायचे कसे? एंडोटॉक्सिन न घालता नुसता अर्क घालावा आणि चार ते सहा तासांनी टीएनएफ मोजावा. तो वाढला तर अर्क अशुद्ध आहे असे धरून चालावे. सोबत मिलीलीटरला १० मायक्रोग्रॅम पॉलिमिक्सिन-बी घालून पाहावे. ते एंडोटॉक्सिनला बांधते, त्यामुळे परिणाम नाहीसा झाला तर तो अर्काचा नव्हताच. घोडनाल खेकड्याच्या रक्तपेशींपासून बनणारी एलएएल चाचणी करावी, पण वनस्पती आणि बुरशीतल्या बीटा-ग्लुकनमुळेही ती कधी कधी खोटीच होकारार्थी येते. ग्लुकन अडवणारा बफर, किंवा खेकड्याऐवजी रीकॉम्बिनंट फॅक्टर-सी वापरणारी चाचणी इथे अधिक बरी. बाटलीतल्या टीएनएफलाही हाच नियम लागू आहे, कारण तोही ई. कोलायमधून आलेला असतो. त्याच्यासाठी एक सोपा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा खळगा, आहे. थोडा टीएनएफ ९५ अंशांना १० मिनिटे तापवून वेगळ्या खळग्यात घालावा. प्रथिन मरते, एंडोटॉक्सिन बरेचसे टिकते. तापवलेल्यानेही पेशी तशाच चेतल्या तर चेतवणारा टीएनएफ नव्हता. खेप विकत घेताना पत्रकावर मायक्रोग्रॅममागे ०.१ एकक किंवा त्याहून कमी एंडोटॉक्सिन असलेली पाहावी, विशेषतः ताज्या रक्तातल्या मोनोसाइट वापरायच्या असतील तर.

दुसरी वाट अगदी साधी आहे. अर्काने पेशी मारल्या तर टीएनएफ कमी होणारच. म्हणून जिवंत पेशी मोजतात, पण त्यासाठी नेहमीची एमटीटी चाचणी वापरतात आणि तिथे दुसरा सापळा आहे. एमटीटी हे पिवळे रसायन जिवंत पेशी क्षपण करून जांभळे बनवतात. वनस्पतींमधली पॉलिफिनॉल ते पेशींशिवायही करतात. रिकाम्या खळग्यात फक्त माध्यम, अर्क आणि एमटीटी घालून दोन-तीन तास ठेवावे. तळ जांभळा झाला तर आधीचे ‘शंभर टक्के पेशी जिवंत’ हे उत्तर निरर्थक ठरते. अशा अर्कासाठी प्लेट नीट धुऊन क्रिस्टल व्हायोलेट लावावे, किंवा केंद्रक रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजावेत. अर्क विरघळवायला डीएमएसओ वापरला असेल तर तो सगळ्या खळग्यांत सारखाच, ०.१ टक्क्याच्या आसपास हवा. एक टक्क्याच्या घरात गेला की तो स्वतःच टीएनएफ दाबू लागतो.

तिसरी वाट अशी की अर्क पेशीवर काही करतच नाही, तो माध्यमातल्या एंडोटॉक्सिनला चिकटतो. हे तपासायला अर्क घालून, तासाभराने दोनदा धुऊन, मग एंडोटॉक्सिन घालावे. परिणाम गेला तर तो रोधक नसून नुसती गाळणी असण्याची शंका घ्यावी. शिवाय एंडोटॉक्सिननंतर तासा-दोन तासांनी अर्क घालूनही पाहावा, कारण रुग्ण औषध घेतो ते दाह सुरू झाल्यावर. चौथी वाट म्हणजे अर्काने टेस विकर रोखणे. वरच्या द्रवातला टीएनएफ घटतो, पण पेशीच्या पटलावरचा वाढतो. फक्त द्रव मोजणाऱ्याला तो दिसत नाही. पटलावरचा टीएनएफ फ्लो सायटोमेट्रीने (एकेक पेशी तपासून मोजण्याच्या तंत्राने) आणि आरएनए वेगळे मोजले की गाठ सुटते.

पाचवी वाट मोजणीतच आहे. एलायझामध्ये, म्हणजे प्रतिपिंडांनी प्रथिन मोजण्याच्या चाचणीत, प्रमाण मालिका साधारण मिलीलीटरला १००० पिकोग्रॅमपासून निम्मी-निम्मी होत १५.६ पर्यंत उतरते. चेतवलेल्या मॅक्रोफेजचा द्रव मात्र मिलीलीटरला कित्येक नॅनोग्रॅम टीएनएफचा असतो. तो तसाच घातला तर सगळे खळगे वरच्या टोकाला जाऊन सपाट होतात आणि फरक दिसत नाही. म्हणून दहापट आणि पन्नासपट अशी दोन विरलने ठेवावीत आणि दोन्हींतून हिशेब एकच येतो का ते बघावे. अर्क एलायझातच अडथळा आणतो का, याची परीक्षाही सोपी आहे. पेशी नसलेल्या माध्यमात अर्क आणि मोजून मिलीलीटरला २५० पिकोग्रॅम टीएनएफ घालून एलायझा करावा. परत मिळालेला आकडा २०० ते ३०० च्या दरम्यान नसेल तर त्या अर्काचे बाकीचे आकडे वापरू नयेत. रंगीत पदार्थ इथे फार त्रास देतात. हळदीतले करक्युमिन हे त्याचे ठळक उदाहरण. ते पिवळे आहे, चमकते, शरीराच्या पीएचला माध्यमात टिकत नाही आणि अनेक प्रथिनांना वाटेल तसे चिकटते. २०१७ साली औषधी रसायनशास्त्रज्ञांनी त्यावर सविस्तर लिहून सावध केले आहे.

पेशीसंवर्धनात नकळत शिरणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूबद्दल थोडक्यात. त्याला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे माध्यमात नेहमी घातले जाणारे पेनिसिलिन त्याला लागू पडत नाही. माध्यम गढूळही होत नाही. पण त्याची लिपोप्रथिने मॅक्रोफेजना सतत डिवचत राहतात. काहीही न घातलेल्या खळग्यात टीएनएफ दिसू लागला तर आधी पीसीआरने ही तपासणी करावी, मगच अर्काचे बोलावे. आणि एका प्लेटमधले तीन खळगे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, नव्याने लावलेल्या पेशींवर केलेले तीन प्रयोग म्हणजे तीन.

प्राण्यांवरचे प्रयोग वाचताना प्रजाती पाहावी. माणसाचा टीएनएफ उंदराच्या पहिल्या ग्राहीला धरतो, दुसऱ्याला धरत नाही. उंदरात मानवी टीएनएफ टोचून काढलेला निष्कर्ष त्यामुळे एका ग्राहीपुरताच असतो. उंदराच्या पेशींना उंदराचाच टीएनएफ आणि उंदराचाच एलायझा संच वापरणे हे साधे पथ्य पाळलेले असले तरी बरेच गोंधळ टळतात.

संपादक महोदय, आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. अशी बातमी देताना अर्क किंवा रेणू किती मात्रेत वापरला ते संशोधकाला विचारून तो आकडा छापावा आणि नुसत्या अर्काने, एंडोटॉक्सिनशिवाय, टीएनएफचे काय झाले तेही विचारावे. मात्रेचा आग्रह एवढ्यासाठी की प्लेटमध्ये मिलीलीटरला १०० मायक्रोग्रॅम अर्क सर्रास वापरतात. शुद्ध रेणू असेल तर ५० मायक्रोमोलर. करक्युमिनचा रेणुभार ३६८ आहे, म्हणजे ५० मायक्रोमोलर हे मिलीलीटरला १८ मायक्रोग्रॅमहून थोडे अधिक झाले. तोंडाने कित्येक ग्रॅम घेतले तरी रक्तात मुक्त करक्युमिन याच्या जवळपासही पोहोचत नाही, कारण आतडे आणि यकृत त्याला वाटेतच बदलून टाकतात. प्लेटमधला परिणाम सगळी पथ्ये पाळून खरा ठरला तरी, तो कोणत्या मात्रेला दिसला हे वाचकाला कळले पाहिजे.

आपले,
पेशीसंवर्धन प्रयोगशाळांत काम करणारे काही वाचक